मजबूत, पण कोण्या अंगानं?

आमच्याकडे शेतातलं एकही हत्यार मिटत नाही. इळा मिटत नाही, खुरपं मिटत नाही, कुऱ्हाड तर नाहीच. मिटतो तो एकटा कलमाचा चाकू. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, शेंदुरजनाघाट या पट्ट्यात संत्र्याच्या रोपवाटिकांना तोटा नाही. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटांवर डोळे भरायचा, म्हणजे संत्र्याच्या काडीवरचा डोळा काढून त्यांच्या सालीत बसवायचा हंगाम आला की ज्याच्या हातात कसब आहे त्या प्रत्येकाच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी हा चाकू असतो. पातं बोटभर लांब, मूठ लाकडाची नाहीतर पितळेची, आणि पाठीमागे पोलादी पट्टीची कमान. ती कमानच पात्याला उघडं धरते आणि मिटलेलंही धरते. लॉक वगैरे काही नाही.

बाकी घडीचा चाकू म्हटलं की आमच्या पिढीला रामपुरी आठवतो, सिनेमातल्या खलनायकाच्या हातात कडकड वाजत उघडणारा. सभ्य घरात त्याचा विषय निघत नसे. वडिलांनी एकदा आठवडी बाजारातून साधा घडीचा चाकू आणला, तर आजीनं तो ‘गुंडाचं काम’ म्हणून धान्याच्या कोठीमागे टाकून दिला. सुपारीला अडकित्ता आहे, भाजीला पावशी आहे, मग हे कशाला, असा तिचा सरळ हिशोब.

मी आयुष्य नागपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलं. डाय, जिग, गेज, फिक्स्चर. दोन धातू एकमेकांवर कसे बसतात, मध्ये किती फट राहते, कुठे घासतात आणि कुठे नुसतेच टेकतात, यापलीकडे मला फारसं काही कळत नाही. इतका जीवही दुसऱ्या कशावर जडला नाही (हे आमच्या घरी वाचून दाखवू नका). निवृत्तीनंतर गावी आलो तर इथे धातूंपेक्षा फांद्यांच्या जोडावरच जास्त बोलणं. त्यात मागच्या हिवाळ्यात भाचा अमेरिकेहून आला आणि त्यानं चेक-इन बॅगेतून एक चाकू काढून माझ्या हातावर ठेवला.

हेवी ड्यूटी, कस्टम. म्हणजे कारखान्यातला नव्हे, एका माणसानं आपल्या शेडमध्ये बसून केलेला, आणि त्यासाठी भाच्यानं कितीतरी महिने वाट पाहिलेली. पातं जवळपास १० सेंटिमीटर, पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर, मूठ टायटॅनियमच्या दोन पाट्यांची. हातात घेतला की वजन कळतं. किंमत त्यानं सांगितली तेव्हा माझ्या बहिणीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती चहा ठेवायला उठली.

“मामा, हा तुटतच नाही. याच्यावर माणूस लटकू शकतो.”

“लटकायचं कोणाले हाये?” मी विचारलं.

तो हसला, पण मला उत्तर हवं होतं. तेव्हापासून तो इथे होता तोवर आमची दोघांची ही एकच चर्चा चालली, आणि त्यात पुढे बरीच मंडळी सामील झाली.

टूलरूमच्या पद्धतीनं सांगतो. अखंड चाकू, म्हणजे ज्याचं पोलाद मुठीत शेवटपर्यंत गेलेलं आहे, तो एक सरळ बीम. टोकावर जोर दिला की सर्वांत जास्त वाकवणारा ताण मुठीच्या तोंडाशी येतो. घडीचा चाकू करणारा नेमकं त्याच जागी भोक पाडतो. त्या भोकात पिन घालतो, आणि उघडलेलं पातं परत बोटांवर मिटू नये म्हणून तिथेच एक अडसर, म्हणजे लॉक, बसवतो. जिथे सर्वांत जास्त धातू हवा तिथे सर्वांत कमी ठेवायचा, आणि मग मजबुतीच्या शर्यती लावायच्या.

तरफेचा हिशोब शाळेतलाच आहे. पातं १० सेंटिमीटर धरा. टोकाशी मिटण्याच्या दिशेनं १० किलोचा जोर आला असं समजा. लॉक पिनेपासून जेमतेम ८ मिलिमीटरवर असतो. म्हणजे लॉकच्या तोंडावर १२५ किलो. आणि १० किलो म्हणजे काही पहिलवानी नव्हे. ओल्या लाकडात रुतलेलं पातं हलवून हलवून उपसताना कोणीही सहज तेवढा जोर लावतो.

हे सव्वाशे किलो टेकवायचे कुठे, या एका प्रश्नापायी तिकडे किती डोकी झिजली! १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या कारागिरानं आजचा लायनर लॉक आणला. मुठीच्या आत एक पातळ पट्टी असते, पातं उघडलं की ती स्वतःच्या ताणानं सरकून पात्याच्या बुडाशी येऊन टेकते. मग दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या क्रिस रीव्हनं वेगळी पट्टी काढूनच टाकली आणि मुठीची अख्खी जाड बाजू चिरून तिलाच लॉक केलं. त्याला फ्रेम लॉक म्हणतात. भाच्याचा चाकू याच घराण्यातला. ओहायोत रिक हिंडरर नावाचा कारागीर आहे, पूर्वी तो आग विझवणाऱ्या दलात काम करायचा. त्यानं पाहिलं की लॉक मोकळा करताना लोक ती पट्टी अंगठ्यानं गरजेपेक्षा जास्त बाहेर ढकलतात आणि तिचा ताण मरतो. त्यानं तिथे एक लहानशी चकती लावली, पट्टी तिच्यापुढे जातच नाही. असल्या चकतीवर माझा जीव जातो. बिघाड कुठून सुरू होतो हे ज्याला दिसलं त्यालाच ती सुचते.

आणि अँड्र्यू डेम्को, हा आणखी एक चाकू-कारागीर. जुन्या पद्धतीच्या चाकूत पाठीवरची दांडी मागून खाचेत बसते, आणि सगळा मार त्या दांडीच्या बारीक पिनेवर येतो. डेम्कोनं पातं आणि दांडी यांच्यामध्ये एक जाड आडवी पिन घातली. मार त्या पिनेवर गेला, दांडीची पिन त्यातून वाचली. कोल्ड स्टील कंपनीनं हा लॉक वापरला आणि चाकूच्या मुठीला वजनं टांगून दाखवायचा सपाटा लावला. भाच्याच्या डोक्यातला लटकणारा माणूस तिथूनच आला असावा.

आता गंमत बघा. फ्रेम लॉकच्या चाकूची बाजू ४ मिलिमीटर जाड असते, हे सगळे सांगतात. पण एवढं जाड टायटॅनियम स्प्रिंगसारखं वाकेल कसं? म्हणून बुडाशी आडवी खाच घालून ते एक-दीड मिलिमीटरवर आणलेलं असतं. डोळ्याला ४ मिलिमीटर दिसतात, जोर जातो तो दीडमधून. मिटण्याच्या बाजूनं फार दाब आला की ती बारीक जागा आधी लचकणार. चाकू बघायला कोणी दिला की मी आधी ती खाच बघतो, मग बाकीचं.

भाच्याला मात्र खाटेचा पाया दिसत होता. त्यानं चाकू उघडला आणि पात्याची पाठ दाणकन पायावर आपटली. लॉक सुटला नाही. “पाह्यलं?” म्हणे. मी त्याला थांबवलं. खाटेची काळजी होतीच, पण त्या परीक्षेतून कळतं काय हाही प्रश्न होता. पात्याच्या बुडाला जिथे लॉक टेकतो तिथे साधारण ७-८ अंशांचा उतार घासलेला असतो. तो कोन घर्षणाच्या कोनापेक्षा, म्हणजे ज्यापुढे धातू धातूवरून घसरायला लागतो त्या कोनापेक्षा, कमी असला की पट्टी आपोआप घसरत नाही. लेथच्या टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपरचं, म्हणजे निमुळत्या बुडाचं, ड्रिल याच नियमानं धरून राहतं. पण हा नियम हळूहळू वाढणाऱ्या दाबाचा. आपटल्यावर सगळी पट्टी क्षणभर उडते, आणि त्या क्षणी ती टेकलेलीच नसते. नेमक्या त्या क्षणी काय होईल ते कारागिराच्या हाताइतकंच नशिबावरही असतं. शिवाय लॉकच्या तोंडावर कोणी हौसेनं तेल सोडलं असेल तर घर्षण कमी, म्हणजे सगळा हिशोब बदलला. असा मार शेतात पात्याच्या पाठीला बसतो कधी? मला तरी आठवत नाही. खाटेलाच बसतो.

इथवर वाचून वाटेल की मला तो चाकू आवडला नाही. खरं सांगायचं तर गावात तो सर्वांत जास्त मलाच आवडला. रात्री सगळे झोपल्यावर मी तो टेबल लँपखाली घेऊन बसलो. फिलर गेजचं सर्वांत पातळ पान काढलं आणि पातं व मुठीच्या फटीत दोन्ही बाजूंनी सरकवून पाहिलं. दोन्हीकडे सारखं. पातं बोटांत धरून डावीउजवीकडे हलवलं, वरखाली हलवलं, काही नाही. पिनेचे वॉशर फॉस्फर ब्राँझचे, बॉल बेअरिंग नाही. बेअरिंग असतं तर पातं आणखी सुळकन उघडलं असतं, पण आमच्या काळ्या मातीची धूळ गोळ्यांत जाऊन बसली की ते चालता चालता कुरकुरतं. ब्राँझचं वॉशर धूळ खातं आणि चालत राहतं. लॉकचं तोंड पात्याच्या बुडावर पूर्ण रुंदीनं टेकलेलं, एका कोपऱ्यावर नव्हे. टायटॅनियमची नेहमीची मिश्रधातू, ज्यात ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, ती कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ३६ च्या आसपास भरते. पात्याचं पोलाद ६० च्या आसपास. मऊ धातू कठीणावर घासला की झिजतो, आणि टायटॅनियमला तर चिकटायचीही खोड. म्हणून या कारागिरानं लॉकच्या टोकाला पोलादाचा छोटा तुकडा बसवला होता, बदलता येईल असा. पुढे झीज होणार हे मान्य करून केलेलं काम होतं ते. आमच्या हेडफिटरनं असं काम पाहिलं असतं तर काही बोलले नसते, फक्त चष्मा काढून पुसला असता.

तेव्हा दर्जा होता. मजबुतीही होती. अडचण दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत आली.

शेजारच्या रोपवाटिकेत डोळे भरणारे एक दादा आहेत, डावखुरे, वयानं माझ्या बरोबरीचे. भाच्यानं चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, मिटला, परत उघडला. “उघडते तं मस्त,” म्हणाले. मग उकिडवे बसले. डोळा जमिनीपासून किमान २५ सेंटिमीटर वर भरावा असं शास्त्रज्ञ सांगतात, कारण जोड मातीजवळ राहिला तर पावसाळ्यात डिंक्या रोग लागतो. पण २५ सेंटिमीटर वर म्हणजे काही कमरेइतकं नव्हे. दिवसभर गुडघ्यात मान घालूनच काम. तिथे हातातलं प्रत्येक ग्रॅम दुपारी चारनंतर मनगटात उतरतं.

खुंटाच्या सालीवर टी आकाराची चीर त्या जाड पात्यानंही बरी गेली. खरी परीक्षा डोळा काढायची. मातृवृक्षाच्या काडीवरून डोळा सालीसकट ढालीसारखा सोलून घ्यायचा, खाली लाकूड आलं तर नुसतं नखाएवढं. दादांनी पातं लावलं, ओढलं, आणि अर्ध्यात डोळा उचकटून चिरला. दुसरी काडी. परत तेच.

“डोया फाटते, भाऊ. हे पातं काडीले कापत नाई, दूर लोटते.”

एका वाक्यात त्यांनी सगळी भूमिती सांगून टाकली. पाठ साडेचार मिलिमीटर, आणि धारेच्या लगेच मागेही पातं पाऊण मिलिमीटरच्या पुढे. तुटू नये म्हणून ठेवलेली जाडीच कापताना आडवी येते. धार कितीही तीक्ष्ण करा, तिच्यामागून पाचर आत शिरते आणि साल फाकवते. दादांच्या स्वतःच्या चाकूचं पातं पाठीलाच दीड मिलिमीटर, आणि धार फक्त एका बाजूनं घासलेली. दुसरी बाजू आरशासारखी सपाट, ती काडीला चिकटून चालते. डावखुऱ्यासाठी घासायची बाजू उलटी. उजव्या हाताचा चाकू त्यांच्या हातात दिला तर तो काडीत खोल घुसत जाईल, नाहीतर बाहेर निसटेल. भाच्यानं ज्या कारागिराकडून चाकू घेतला त्यानं टायटॅनियमचा रंग विचारला होता, मुठीवरची नक्षी विचारली होती. हात कोणता ते विचारलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी घासलेल्या पात्याला ते विचारायची गरजही नाही म्हणा.

मग दादांनी आपला चाकू भाच्याला दाखवला, आणि तो बघून भाचा हादरलाच. “मामा, याला लॉकच नाही! बोटं जातील यांची.”

नाही जात. आणि का जात नाहीत, यातच आमच्या सगळ्या वादाचं उत्तर होतं. डोळा काढताना पातं स्वतःकडे ओढतात. धारेवर जोर येतो तो पात्याला आणखी उघडायच्या दिशेनं. पातं मागे मुठीच्या अडणीवर जाऊन घट्ट बसतं. जितका जोर जास्त, तितकं ते जास्त उघडं राहायला बघतं. कापायच्या बहुतेक कामांत असंच असतं. दोर कापा, फळ कापा, ठिबकची नळी कापा, जोर धारेवर येतो. मिटायच्या दिशेनं जोर येतो तो भोसकताना, टोक खुपसून उचकटताना, नाहीतर रुतलेलं पातं पाठीकडून ओढताना. म्हणजे त्या महागड्या लॉकची, त्या १२५ किलोंच्या हिशोबाची, त्या खाचेची आणि चकतीची सगळी मजबुती ज्या अंगाला आहे, त्या अंगाला दादांच्या चाकूवर उभ्या हंगामात जोर येतच नाही. जर्मनीत रॉइटलिंगेन गावी टिना नावाचे कलमाचे चाकू बनतात, जगभरचे बागवान त्यांना मानतात. त्यांच्या साध्या कलमी चाकूंनाही लॉक नसतो, पाठीची कमानच असते, आणि डाव्या हाताचे वेगळे मिळतात. ते लोक काही स्वस्तात काम उरकणारे नव्हेत.

मी भाच्याला म्हटलं, “तुझा चाकू मजबूत आहेच रे. पण कोण्या अंगानं, ते बनवणाऱ्यानं ठरवलं, तू नाही ठरवलं.”

त्याला हे पटलं असं नाही. तो म्हणाला, अपघात एकदाच होतो, मामा, आणि लॉक त्या एका दिवसासाठी असतो. हा मुद्दा मी खोडू शकलो नाही. नवशिक्याच्या हातात लॉक हवाच. पोराच्या हातात बिनलॉकचा चाकू मीही देणार नाही.

आणि त्या चाकूचंही कौतुक करायला हवं, कारण त्याच आठवड्यात विहिरीवरच्या मोटारीचा जुना रबरी पट्टा कापायचा होता. माझ्याकडे ओपिनेल आहे, आठ नंबरचा, एका जुन्या सहकाऱ्यानं फ्रान्सहून आणलेला. फ्रान्सच्या साव्हुआ भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेलनं हा चाकू काढला, आणि मानेवरची फिरणारी लॉकची कडी १९५५ मध्ये आली. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, बीच लाकडाची गोल मूठ. कापायला याच्याइतकं सुख नाही. पण त्या जाड पट्ट्यात पातं आडवं लवायला लागलं, आणि गोल मूठ घामानं हातात फिरायला लागली. भाच्याचा चाकू मात्र तळव्यानं दाबत गेलो तर शेवटपर्यंत सरळ गेला. पातं लवलं नाही, मूठ फिरली नाही, हाताला ओरखडा नाही. संत्र्याच्या क्रेटचा आडवा खिळा त्यानं टोकानं उचकटला तेव्हा मी तोंड फिरवलं, पण टोक शाबूत राहिलं. ओपिनेलचं टोक तिथंच राहिलं असतं, खिळ्यात.

ओपिनेलची आणखी एक खोड पावसाळ्यात कळते. मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आत आवळलं जातं, नखानं निघत नाही. साव्हुआचे लोक मुठीचं बूड दगडावर ठोकून ते बाहेर काढतात म्हणे. मी मूठ उन्हाळ्यात जवसाच्या तेलात मुरवून ठेवतो, मग ती कमी फुगते. जवसाला आपल्याकडे तोटा नाही.

टायटॅनियम फुगत नाही, गंजत नाही. पण त्याचे स्क्रू टॉर्क्सचे, सहा पाकळ्यांच्या टोकाचे. पिन ढिली झाली तर वरुडच्या बाजारात तो पाना शोधत फिरा. दादांच्या चाकूची पितळी पिन ढिली झाली की लोहार ऐरणीवर ठेवून दोन हलके ठोके देतो आणि अंगठ्यानं पातं उघडून बघतो. पैसेही घेत नाही बहुतेक वेळा.

धारेची गोष्ट वेगळीच. भाच्याच्या चाकूचं पोलाद एस ३० व्ही. २००१ मध्ये अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीनं ते खास चाकूंसाठी तयार केलं, आणि त्या कामात क्रिस रीव्हचाही सल्ला होता. कार्बन साधारण १.४५ टक्के, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. वितळलेल्या पोलादाची फवारून भुकटी करतात आणि ती भुकटी दाबून परत पोलाद घडवतात, म्हणजे कार्बाइडचे, धार टिकवणारे कठीण, कण बारीक आणि सगळीकडे सारखे पसरतात. धार टिकते, हे मी स्वतः पाहिलं. पुठ्ठ्याची खोकी फाडून फाडून कंटाळा आला, तरी ती कागद कापत होती. पण व्हॅनेडियम कार्बाइड वाळूच्या दगडापेक्षा कितीतरी कठीण, साध्या एमरीपेक्षाही कठीण. विहिरीवरच्या दगडावर दादा आपला चाकू तंबाखू मळता मळता पाजवून घेतात. त्या दगडावर भाच्याचं पातं घासलं तर दगडच गुळगुळीत व्हायचा. त्याला डायमंड प्लेट लागते. ती त्यानं बरोबर आणलेली नव्हती, ती टेक्सासात होती.

रोपवाटिकेत आणखी एक शत्रू आहे, ब्लीचचं पाणी. झाडाचा रोग चाकूच्या धारेवरून दुसऱ्या झाडात जाऊ नये म्हणून पातं मधून मधून हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतात. लिंबूवर्गात एक्झोकॉर्टिस नावाचा रोग तर नुसत्या चाकूवरूनही पसरतो. ते पाणी साध्या कार्बन पोलादाला बघता बघता तांबेरा आणतं, आणि स्टेनलेसलाही तसंच ओलं ठेवलं तर बारीक खड्डे पाडतं. दादा दर वेळी धोतराच्या सोग्यानं पातं पुसतात. तो सोगा हासुद्धा त्या हत्याराचाच भाग धरायला हवा.

शेवटी भाच्यानं लोहाराकडे न्या म्हणून हट्ट धरला. आमचा लोहार इळे आणि पास ट्रकच्या कमानपाट्यातून करतो. लाल तापवायचं, घणानं आकारावर आणायचं, पाणी द्यायचं, मग रंग बघून कडकपणा थोडा उतरवायचा. कलमाच्या चाकूला मात्र तो भट्टी पेटवतच नाही. मोठ्या हॅक्सॉ मशीनचं तुटलेलं पातं घेतो आणि ग्राइंडरवर घासून घासून चाकू काढतो. भाच्याला हे कमीपणाचं वाटलं, घडवलेलं नाही म्हणून. मी समजावलं. ते हायस्पीड पोलाद आहे, त्याला कडक करायला १२०० अंशांच्या आसपास तापवावं लागतं, गावच्या भट्टीत ते नीट जमत नाही. पण कारखान्यानं दिलेला कडकपणा ते साधारण ६०० अंशांपर्यंत सोडत नाही, म्हणून ग्राइंडरवर थोडं तापलं तरी बिघडत नाही. लोहाराला हे आकडे माहीत नाहीत. भट्टीत घातलं की ‘मरते’, एवढं माहीत आहे, आणि ते बरोबर आहे. मी एका जुन्या मित्राच्या रॉकवेल मशीनवर दोन्ही पाती लावून पाहिली, तर लोहाराचं पातं भाच्याच्या पात्यापेक्षा कठीण निघालं. अर्थात त्याची दुसरी बाजूही आहे. असं पातं तिरपं दाबलं तर काडकन मोडतं. लोहार विकतानाच सांगतो, “वाकडं करू नोका, तुटीन.” लटकण्याविषयी त्याला कोणी विचारलेलं नाही.

या मातीला लोखंड काही नवं नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वीची. माहुरझरीच्या शिळावर्तुळांत माणसांबरोबर पुरलेल्या लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर निघाले. त्यात मिटणारं काही असल्याचं माझ्या वाचनात नाही.

भाच्यानं लोहाराला एक चाकू करायला सांगितला. लोहारानं पहिला प्रश्न विचारला, “कोन्या हातानं चालवता?” मग त्याचा तळवा धरून मुठीची लांबी काडीनं मोजली. भाचा वरून मला विचारत होता, हे खिशात ठेवलं तर कायद्यानं चालतं का. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची अट आहे, आणि शेती-घरकामाची अवजारं त्यातूनही वगळलेली. दोन इंचांच्या पात्याला कोण विचारतो? विमानात मात्र हातातल्या बॅगेत नको.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं तो जाड चाकू परत माझ्यासमोर ठेवला. “मामा, हा पातळ करून देता का? धारेकडून.”

मी आधी नाही म्हटलं. अशा पात्याला ग्राइंडर लावला तर बनवणाऱ्याची हमी संपते, आणि पातळ धार क्षणात तापून तिचा टेम्पर, म्हणजे कडकपणा, जातो, तो डोळ्याला दिसतही नाही. हातानं, पाण्यात, हळू घासावं लागेल. त्यानं पोचल्यावर डायमंड प्लेट पाठवून दिली. आता रोज संध्याकाळी थोडं थोडं चालू आहे. व्हर्नियरनं मोजत असतो. धारेमागची जाडी पाऊण मिलिमीटरवरून अर्ध्यापर्यंत आली आहे, अजून जायची आहे. दादा मधून मधून येऊन काडीवर ओढून बघतात आणि मान हलवतात, अजून नाही म्हणून. पाठीला मी हात लावणार नाही, ती साडेचारच राहील. लटकायचं असेल तर त्याचं तो बघेल.